मदत हवी आहे: आमचं जुनं घर कोणी बांधलं, कसं शोधायचं?

खाडीकाठ: गावातलं आमचं जुनं घर पाडून तिथे इमारत होणार आहे. त्याआधी घर कोणी बांधलं आणि गावात सगळ्यात आधी कोणाची वस्ती होती, ते शोधायचंय. सातबारा काढला तर त्यात घराचा उल्लेखच नाही. कृपया लवकर सांगा, पावसाळा संपला की पाडकाम आहे.

पारसिक: गाव कुठलं? आळी कुठली? घर कुडाचं की दगडी?

गडप्रेमी: बेलापूर असेल तर किल्ल्यापासून सुरुवात करा. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, मग १८१७ ला इंग्रज. उरलेला बुरूज तरी जपायला हवा.

खाडीकाठ: बेलापूर नाही, नवी मुंबईतलं घणसोली. दगडी जोतं, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. किल्ल्याचं विचारलेलं नाही.

मुक्काम ठाणे: सातबारा शेतजमिनीचा, गावठाणातल्या घराला नसतोच. नगर भूमापन झालं असेल तर मालमत्ता पत्रक मिळेल. नसेल तर ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंदवही. नवी मुंबई महापालिका १९९२ ची, त्याआधीची दप्तरं मागा. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात, ते तहसील कार्यालयात.

सागवान: कागद कशाला? एक कौल काढून उलटं करा, कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला. म्हणजे घर त्यानंतरचं.

मुक्काम ठाणे: घर नाही, छप्पर त्यानंतरचं! आधी नळीची कौलं असतील.

सागवान: मग वासे तपासा. छप्पर बदललं असेल तर जुन्या रिपांच्या खिळ्यांची भोकं दिसतील. आणि पाडण्याआधी मापं घेऊन घराचा नकाशा काढून ठेवा, एवढं कराच.

माहेर उरण: गावातल्या म्हाताऱ्या धवलारणीला, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी करणाऱ्या बाईला भेटा. पिढ्यान्‌पिढ्यांची लग्नं तिने पाहिलेली, कोणतं घर मूळचं कुठलं ते तिला ठाऊक असतं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्याही बघा, आमच्या खापरपणजोबांचं नाव तिथेच सापडलं.

भूमिपुत्र: संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला का तुम्हाला? नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, १९७० ला आलं, गावठाणांची हद्द अजून वादात आहे. आधी ते बघा.

खाडीकाठ: भूखंडाचा विषय इथे नको. ताई, धवलारणीला आजच भेटतो, ती पिढी गेल्यावर कोणाला विचारणार? नमुना ८ महापालिकेच्या कुठल्या विभागात मागायचा?

मुक्काम ठाणे: विभाग कार्यालयात, मालमत्ता कराकडे. घर क्रमांक जुना द्या, नवा नको.

पारसिक: आळी अजून सांगितली नाहीत.