स्कॉटलंड, सात दिवस: अख्खा गोल मारायचा की दोन ठिकाणी बूड टेकायचं?

लीड्सचा_पाहुणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, कामानिमित्त दीड वर्ष लीड्सला आहे, आई-बाबा नाशिकहून येतायत आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कशीबशी सात दिवसांची सुट्टी जमवलीय. आम्ही चौघं: मी, बायको, आई (६३, गुडघे कुरकुरतात) आणि बाबा (६८, सप्तशृंगी अजून पायऱ्यांनी चढतात आणि ते भेटेल त्याला सांगतातही). गाडी भाड्याची, ऑटोमॅटिक. प्लॅन असा की पहिल्या दिवशी लीड्सहून थेट ग्लेनको, दुसऱ्या दिवशी स्काय बेट, मग अ‍ॅपलक्रॉसवरून नॉर्थ कोस्ट ५०० धरायचा, उल्लापूल, डर्नेस, जॉन ओ ग्रोट्स करत इनव्हर्नेस, तिथून लॉक नेस (लॉक म्हणजे तळं) बघून केअरनगॉर्म्सच्या डोंगरांमधून खाली घरी. रोज वेगळा मुक्काम आणि जमेल तिथे तास-दोन तास चालणं. बेरीज केली तर तेराशे मैलांच्या आसपास जातंय. बायको म्हणते हा प्लॅन नाही ही एसटीची ड्युटी आहे. मला वाटतं एवढ्या लांब आलोय तर सगळं बघावं. तुम्ही सांगा कोण बरोबर.

डोंगरवेडी

वहिनी बरोबर. विषय संपला :)

आता कारण. अकरा वर्षं ग्लासगोत आहे, दर पावसाळ्यात (म्हणजे वर्षभर) वर जाते. एनसी ५०० (तुमचा नॉर्थ कोस्ट ५००) हा ५१६ मैलांचा म्हणजे ८३० किलोमीटरचा गोल आहे, रस्ते जुनेच, नाव आणि जाहिरात २०१५ पासूनची. त्यातला बराच भाग सिंगल ट्रॅक आहे. म्हणजे एकच गाडी मावेल एवढा रस्ता आणि मधेमधे पासिंग प्लेस. समोरून गाडी आली की पासिंग प्लेस आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर अजिबात शिरायचं नाही, आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं, समोरचा आत शिरून पुढे निघतो. मागे कोणी गावातला घाईत असेल तर त्यालाही थांबून वाट द्यायची. आणि प्रत्येक वेळी स्टिअरिंगवरून एक बोट उचलून थँक्यू. पहिले दोन तास मजा वाटते, चौथ्या तासाला बोट दुखतं. मॅपवर चाळीस मैल दिसतात आणि निम्मा दिवस जातो, त्यात मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात त्या वेगळ्याच.

शिवाय सप्टेंबरच्या मध्यात पावणेआठला अंधार पडायला लागतो. म्हणजे तुमचं 'जमेल तिथे चालणं' जमणार नाही, तुम्ही फक्त चेक-इन आणि चेक-आउट करणार.

माझं मत: तीन रात्री ग्लेनको-फोर्ट विल्यम भागात, तीन रात्री अ‍ॅविमोरकडे (केअरनगॉर्म्सजवळ), सेल्फ कॅटरिंग म्हणजे स्वतः स्वयंपाक करायचं घर घ्या. ग्लेनको लॉकनला आईंना न्या, सपाट रस्ता, छोटंसं तळं, भोवती उंच झाडं. लॉर्ड स्ट्रॅथकोनाने कॅनडातून आलेल्या बायकोला माहेरची आठवण येऊ नये म्हणून तिकडची झाडं लावली म्हणतात (बाई तरीही रमल्या नाहीत). बाबांसाठी ग्लेन नेव्हिसमधला स्टील धबधबा, जाऊन-येऊन दोन-अडीच तास, घळीतून वाट, वर अचानक मोकळं कुरण आणि समोर सव्वाशे मीटरच्या आसपासचं पाणी. तिथे तीन वायरींचा पूल आहे, एकीवर पाय ठेवायचा आणि दोन हातात धरायच्या. बाबा नक्की जातील त्यावर, तुम्ही व्हिडिओ काढा.

खिडकीतला_प्रवासी

सपशेल असहमत.

डोंगरवेडीताई, तुम्हाला दर वीकेंडला जाता येतं म्हणून हे सुचतं. नाशिकहून येणाऱ्या ६३ वर्षांच्या बाईला व्हिसा, तिकीट, दोन विमानं एवढं करून आणायचं आणि एका तळ्याभोवती फिरवायचं? आम्ही माझ्या आईला घेऊन अख्खा गोल सहा दिवसांत केला. आई दहा मिनिटांच्या वर चालू शकत नव्हती, तिने सगळं खिडकीतूनच बघितलं, आणि अजूनही तेच सांगत असते. लॉकइनव्हरकडून सुइल्व्हन डोंगर दिसला, नुसता एकटा उभा, घुमटासारखा, तर आई म्हणाली ही पिंडच आहे आणि चालत्या गाडीत हात जोडले. कायलस्कूचा वळणदार पूल (१९८४ चा, त्याआधी तिथे फेरी होती) ओलांडल्यावर तिने मागे फिरवून परत एकदा न्यायला लावलं. हे तुमच्या ग्लेनकोत मिळणार नाही. ग्लेनको सुंदर आहे, वादच नाही, पण पार्किंगला इतक्या बसेस असतात की लोणावळ्याच्या टायगर पॉइंटची आठवण येते.

ज्याला चालता येतं त्याने चालावं. चालू न शकणाऱ्याचा प्रवास कमी दर्जाचा असं का धरून चालायचं?

डोंगरवेडी

कमी दर्जाचा कोण म्हणालं? मी वेळेबद्दल बोलतेय. सहा दिवस *फक्त* त्या गोलाला दिलेत ना तुम्ही? हे लीड्सहून जाऊन-येऊन आणि वर स्काय धरून सातात करतायत. त्यांचे दोन दिवस तर नुसते मोटरवेवर जाणार.

खिडकीतला_प्रवासी

हा मुद्दा मान्य. आम्ही इनव्हर्नेसपर्यंत विमानाने गेलो होतो. हे लिहायला हवं होतं.

चाकावरचं_घर

तुम्ही लोक हॉटेल-हॉटेल काय करताय, कॅम्परव्हॅन घ्या! स्कॉटलंडमध्ये कायदाच आहे, कुठेही मुक्काम ठोका, कोणी उठवू शकत नाही. रात्री समुद्राकाठी झोपायचं, सकाळी दार उघडलं की लाटा. आई-बाबांना मागे बेड, वाटेत चहा करता येतो, आणि काय पाहिजे.

कोकणी_बाणा

थांबा. २००३ चा लँड रिफॉर्म कायदा आहे तो पायी, सायकलवर, घोड्यावर फिरणाऱ्यांसाठी आहे, तंबूसकट. मोटारगाडी त्यात येत नाही. तंबू टाकायचा हक्क म्हणजे व्हॅन लावायचा हक्क नव्हे. आणि लॉक लोमंडच्या काठी काही पट्ट्यांत तर मार्च ते सप्टेंबर तंबूलासुद्धा परमिट लागतं.

कायदा सोडा. पासिंग प्लेसमध्ये व्हॅन लावून रात्रभर झोपणारे, गटारात टॉयलेटचा डबा रिकामा करणारे यांना तिथले लोक वैतागलेत. माझं गाव मालवणजवळ. मे महिन्यात आमच्या पाणंदीत चारचाक्या घुसवून ठेवतात, आजीला मासळीबाजारात जायला रिक्षा आत येत नाही. तेव्हा आपणच शिव्या घालतो ना? मग तिकडे जाऊन तेच करायचं का?

चाकावरचं_घर

सगळेच तसे नसतात साहेब. आम्ही साइटवर पैसे भरून राहिलो. पण हो, कायद्याचं मी चुकीचं लिहिलं, धन्स. व्हॅनचा सल्ला मात्र कायम.

डोंगरवेडी

अ‍ॅपलक्रॉसच्या घाटात न्या मग व्हॅन. ब्यालख ना बा, म्हणजे गुरांची खिंड, जवळपास समुद्रसपाटीपासून ६२६ मीटरवर, पाचास एक चढ आणि वर हेअरपिन. खाली पाटीच आहे की शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅरॅव्हॅन यांनी जाऊ नये. तरी दर वर्षी कोणीतरी अडकतंच आणि मग खाली सगळे खोळंबून.

लीड्सचा_पाहुणा

वरंधा घाटात पावसात गाडी चालवलीय, घाटाची भीती नाही. पण आता नवीन प्रॉब्लेम. बाबांनी हा धागा वाचला (मीच दाखवला, गाढवपणा) आणि म्हणतायत बेन नेव्हिस करू. त्यांचं लॉजिक: कळसूबाई १६४६ मीटर, बेन नेव्हिस १३४५, म्हणजे सोपं.

कोकणी_बाणा

काकांना साष्टांग _/\_

डोंगरवेडी

काकांना सांगा, कळसूबाईला बारी गावातून सुरुवात करता तेव्हा तुम्ही आधीच चांगले उंचावर असता. बेन नेव्हिसला पार्किंगच जवळपास समुद्राच्या पातळीवर आहे, तेराशे मीटर सगळे पायांनीच चढायचे. सात ते नऊ तास धरा. खाली टी-शर्टवर असता आणि वर बोटं बधिर. माथा मोठा सपाट आहे, धुकं आलं की दिशा कळत नाही आणि उत्तरेला सरळ कडा तुटलाय. पायऱ्या, रेलिंग, लिंबूपाणीवाला यातलं काही नाही. वर जुन्या वेधशाळेचे अवशेष आहेत, १८८३ ते १९०४ माणसं तिथे राहून तासातासाला हवामानाच्या नोंदी करत होती, हे त्यांना वाचायला द्या. तेवढ्याने समाधान झालं तर उत्तम.

चढायचंच असेल तर डोंगराच्या हवामानाचा वेगळा अंदाज असतो तो आदल्या रात्री बघा, फोनवरचा शहराचा नाही. खराब असेल तर दुसरा दिवस हातात हवा. आणि दुसरा दिवस हातात असायला एका जागी राहावं लागतं. मी काय म्हणत होते?

खिडकीतला_प्रवासी

फिरून फिरून भोपळे चौकात.

रुळावरची_गाडी

मी वेगळंच म्हणतो, गाडीच नको. ग्लासगोहून मॅलेगची वेस्ट हायलँड लाइन धरा. रॅनोख मूरची दलदल, कोरूर स्टेशन (४०८ मीटर, तिथे सार्वजनिक रस्ता जातच नाही, ट्रेननेच पोचायचं), ग्लेनफिनॅनचा एकवीस कमानींचा पूल. ड्रायव्हरलाही खिडकी मिळते. नाहीतर घरातला एक माणूस आठवडाभर फक्त पांढरी रेघ बघतो, त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

लीड्सचा_पाहुणा

ड्रायव्हर मीच, त्यामुळे डोळे पाणावले. पण गाड्या दिवसातून मोजक्या, आईच्या बॅगा, बाबांचा हट्ट... नाही जमणार.

रुळावरची_गाडी

बरं, मग ड्रायव्हर म्हणून एक लक्षात ठेवा. तिकडे दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडात ८०. एक पाइंट घेऊ काय होतंय, हे लीड्सचं गणित तिकडे चालवू नका. बऱ्याच डिस्टिलरीत ड्रायव्हरचा घोट छोट्या बाटलीत भरून देतात, रात्री घरी प्या.

पोळीभाजी_पार्टी

मुद्द्याचं कोणीच बोलत नाहीये. मिजेस!! डोळ्याला धड न दिसणारे चावरे किडे, मे ते सप्टेंबर. आम्ही जुलैत स्कायवर स्लिगाखनच्या पुलापाशी डबा उघडला, दडपे पोहे, वारा पडलेला, आणि दोन मिनिटांत पोह्यांवर मोहरी जास्त पडल्यासारखं दिसायला लागलं. ती मोहरी नव्हती. नवरा चेहऱ्यावर जाळी घालून जाळी उचलून एकेक घास खात होता, तो फोटो अजून फॅमिली ग्रुपचा डीपी आहे. सप्टेंबरच्या मध्यात कमी होतात पण जाळी न्याच, आणि वारा असलेली जागा बघून बसा. चालून आल्यावर पायांवर गोचीड पण तपासा.

आणि जेवण: खेड्यातली किचनं आठ-साडेआठला बंद होतात. शाकाहारी हॅगिस चांगलं लागतं, खरंच, मसूर आणि ओट्सची खिचडी समजा. घरात स्वयंपाकघर असेल तर डोंगरवेडींना अनुमोदन, रोज रात्री सँडविच खाऊन बाबा लोकांचं डोकं फिरतं.

खिडकीतला_प्रवासी

मी अजूनही म्हणतो, उत्तर टोक सोडू नका. पुढच्या वेळी करू म्हणाल, पण आई-बाबांच्या बाबतीत पुढची वेळ आपल्या हातात नसते. माझ्या आईला आता खोलीतून हॉलमध्ये आणायला दोघं लागतात.

डोंगरवेडी

यावर मला उत्तर नाही. काकूंना नमस्कार सांगा.

(तरी एक. लीड्सहून गाडी नेण्याऐवजी इनव्हर्नेसपर्यंत ट्रेन किंवा विमान आणि गाडी तिथेच भाड्याने. दोन दिवस वाचतील. मग उल्लापूलला तीन रात्री काढून उत्तरेकडे एक दिवस गाडीने डर्नेसपर्यंत जाऊन येता येईल. लांब पडेल, पण बॅगा हलवायच्या नाहीत. ग्लेनको आणि स्काय गेलं मग.)

लीड्सचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार. काल रात्री शेवटी आईलाच फोन केला, जी या धाग्याचा विषय आहे आणि जिला कोणीच विचारलं नव्हतं. ती म्हणाली, गाडीत मी दिवसभर बसेन, मला आवडतं. पण रोज नवीन बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ शोधायचा मला कंटाळा येतो.

तर इनव्हर्नेसला गाडी, उल्लापूल तीन रात्री, अ‍ॅविमोर तीन रात्री. एक दिवस डर्नेस, सुइल्व्हन खिडकीतून. लॉक अन आयलिनची सपाट फेरी आई करणार. बेन नेव्हिस रद्द, ते बाबांना अजून सांगितलेलं नाही. बायको म्हणते ड्युटी अजूनही आहे पण आता साप्ताहिक सुट्टी धरून.

एक शेवटचा प्रश्न: कुकर घरून न्यावा का?

पोळीभाजी_पार्टी

न्यायचाच. फक्त वाफ जाताना खिडकी उघडा, आमच्या कॉटेजमध्ये तिसऱ्या शिट्टीला स्मोक अलार्म झाला होता आणि शेजारचे म्हातारे आजोबा पायजम्यात धावत आले. त्यांना वरणभात खाऊ घातला मग.