अनुभव धागा : ऋतू बदलला हे तुम्हाला कोण सांगतं?

गच्चीवाला, पुणे

गणपती जाऊन आठवडा झाला आणि आमचा धोबी अजून आलेला नाही. कपडेवाला नाही हो, पक्षी. करडा धोबी. चिमणीएवढा, पाठ राखाडी, पोटाखाली पिवळा, आणि लांब शेपटी सारखी वरखाली, बघून आपलीच मान दुखायला लागते. हिमालयातून नाहीतर त्याच्याही पलीकडून येतो आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, टाकीचा पाइप जिथे कायम गळतो (तीन मीटिंगा झाल्या त्यावर) तिथे मार्चपर्यंत मुक्काम ठोकतो. 2021 पासून मी कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी तारीख लिहून ठेवतोय. 9 सप्टेंबर, मग 12, मग 8, गेल्या वर्षी 11. आज 14.

म्हटलं तो येईपर्यंत तुम्हाला विचारावं. तुमच्याकडे ऋतू पालटला हे कोणत्या पक्ष्यावरून, प्राण्यावरून, किड्यावरून कळतं? पुस्तकातलं नको, स्वतः पाहिलेलं ऐकलेलं सांगा. नाव माहीत नसलं तरी चालेल, कोणीतरी सांगेलच.

माझं अजून एक म्हणजे मे महिन्यात पहाटे तीनला ओरडणारा पावशा. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' करत आवाज चढत चढत जातो, टोकाला जाऊन तुटतो आणि परत पहिल्यापासून. इंग्रजांनी त्याला डोक्यात जाणारा ताप म्हटलं, आपल्याकडे त्याला पेरणीचा निरोप्या मानलं. मी खिडकीशेजारी झोपतो, मला दोघांचंही पटतं.

उजनीकाठ

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याला लागून. लहानपणी थंडी पडली हे भोरड्यांवरून कळायचं. शहरातले पळसमैना म्हणतात. गुलाबी अंग, काळं डोकं, मागे तुरा. ज्वारी हुरड्यात आली की हजारोंनी यायच्या, थवा बसला की ताटं वाकायची आणि उठला की कणसात नुसता भुस्सा. म्हणून रानाच्या मधोमध मेढी रोवून माळा केलेला असायचा आणि शाळेच्या आधी नि शाळा सुटल्यावर मी आणि थोरला भाऊ त्यावर, गोफण आणि पत्र्याचा डबा घेऊन. गोफणीचा दगड पाखराला लागावा म्हणून नसतोच मुळात, तो थव्यावरून सूं करत गेला पाहिजे आणि दोरी सुटताना फट्ट वाजली पाहिजे, पाखरू त्या आवाजाला भितं. आजी खालून 'हाण की रं' म्हणून ओरडायची आणि तीच संध्याकाळी भाकरी थापताना म्हणायची, खाऊ द्या, त्यांच्या वाटणीचं त्या खात्यात.

लई वर्षांनी वाचलं की ही पाखरं मध्य आशियातनं येतात आणि उन्हाळ्यात तिकडे टोळ-नाकतोडे खाऊन तिथल्या शेतकऱ्याचं भलं करतात. म्हणजे पुण्य तिकडे आणि हुरडा आमचा!

आता सगळा ऊस. ज्वारी घरी खायपुरती कोण केली तर केली. माळा बांधता येणारी माणसं गेली. भोरड्या मात्र येतात, दिवस मावळताना फडावर उतरायच्या आधी सगळा थवा आभाळात वळतो, घोंगडं झटकावं तसा, मधेच काळाभोर आणि मधेच दिसेनासा होतो. मार्चात पांगारा, काटेसावर फुलली की फुलात तोंडं घालून बसतात, एप्रिलात एक दिवस बघावं तर एकही नाही. ऊस त्या खात नाहीत त्यामुळे हाकलायचं कारणच राहिलं नाही. मागच्या जानेवारीत पोरीला गोफण दाखवली, तिने दोनदा फिरवली आणि पहिला दगड थेट चुलत्याच्या गोठ्याच्या पत्र्यावर. चुलते अजून बोलत नाहीत.

तिसरा मजला, नाशिक

पक्षीनिरीक्षण वगैरे मी करत नाही, पक्ष्यांनीच माझ्याकडे लक्ष दिलं असं म्हणा. फेब्रुवारीत बाल्कनीत कपड्यांच्या तारेला कचऱ्याची पिशवी लटकल्यासारखं काहीतरी दिसलं. कोळ्याची जाळी, वाळकी पानं, सालीचे तुकडे, एक चॉकलेटचा चंदेरी कागद पण. काढून टाकणार इतक्यात त्यातून चोच बाहेर आली. शिंजीर! मादी मळकट पिवळी, सगळं बांधकाम तिचं. नर उन्हात निळाजांभळा चमकायचा आणि समोरच्या ग्रीलवर बसून गायचा. आमच्याकडे पण साधारण असंच आहे असं मी म्हटलं तर नवऱ्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

सासूबाईंनी फर्मान काढलं, बाळंतिणीला त्रास नको. महिनाभर बाल्कनी बंद, कपडे जिन्यात, शेजारच्या काकू बोलल्या तर सासूबाईच त्यांना उत्तर द्यायच्या. दोन पिल्लं उडाली. गंमत म्हणजे पावसाळ्यानंतर तो चमकणारा नर दिसेना, मला वाटलं मेला की काय. मग कळलं की वीण संपली की नर तो झगमगाट उतरवून ठेवतो, मादीसारखाच मळकट होतो, छातीवर फक्त एक काळी रेघ राहते. उन्हाळा आला की परत सूट चढवतो.

खाडीपलीकडे, नवी मुंबई

सांगायला लाज वाटते पण दहा वर्षं खाडीसमोर राहून मला भरती-ओहोटीचं गणित फ्लेमिंगोंनी शिकवलं. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खाडीत पसरून चरतात, भरती आली की उठून टी. एस. चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या कॉलेजच्या बाजूच्या पाणथळीत येऊन एका पायावर उभे. त्यामुळे फोटोवाले येतात तेव्हा भरतीची वेळ बघून येतात आणि मी चहा घेऊन कधीही गॅलरीत जायचे आणि म्हणायचे, आज नाहीत वाटतं.

नोव्हेंबरात थोडे येतात, फेब्रुवारीपासून खरी गर्दी. पिल्लं राखाडी-तपकिरी असतात, गुलाबी रंग खाण्यातून चढतो, शेवाळातून. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 ला झालं, पण आमच्या बाजूची ही भरतीच्या वेळची बसायची जागा त्यात नाही, आणि नेमकं तिथेच दर वर्षी कोणाला ना कोणाला काहीतरी बांधायचं असतं. जूनचा पहिला दणकून पाऊस झाला की दोनतीन दिवसांत खाडी रिकामी. रात्री उडतात बरेचदा, अंधारात वरून बदकासारखा गॅक गॅक आवाज जातो. तो ऐकला की मी छत्र्या काढते.

भात-भाकरी, सिंधुदुर्ग

आमच्याकडे पावसाची वर्दी पाण्यातून येते. पहिल्या पावसाला वहाळ भरला की आजो म्हणायचो, 'पाऊस इलो, आता मासे चढतले', आणि रात्री बॅटरी घेऊन सगळे पुरुष गायब. अंडी घालायला शेतात वर चढणारे ते मासे, चढणीचे मासे. खाल्लेत मी भरपूर, खोटं कशाला बोलू, पण आता मी जात नाही कारण प्रत्येकीच्या पोटात गाबोळी असते आणि वाटेतच सगळे पकडले तर पुढे वर जाणार कोण. गावात माझं हे मत कोणालाच आवडत नाही. त्याच रात्री शेतात मोठ्या बेडकांचे नर हळदीसारखे पिवळे झालेले असतात, गालाला दोन निळे फुगे. लग्नाचा रंग, थोड्या दिवसांत उतरतो.

पण मला सांगायचंय ते नवरंगाचं. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी पडवीत काचेच्या खिडकीखाली एक पक्षी पडलेला. हिरवी पाठ, निळे खांदे, डोळ्यावर काळा पट्टा, शेपटीखाली लालभडक, आणि शेपटी म्हणावी तर जवळजवळ नाहीच. आई म्हणाली मेला. हातात घेतला तर गरम होता. हे पक्षी थंडीत दक्षिणेला, श्रीलंकेपर्यंत असतात, पावसाच्या तोंडावर रात्री उडत वर येतात आणि दमलेले असताना दिवे नि काचा यांना फसून आदळतात. चपलांच्या खोक्याला भोकं पाडली, आत फडकं, वर झाकण, अंधारात ठेवलं. पाणी पाजायचं नाही, चोचीत काही घालायचं नाही, हे फोनवर विचारून कळलं होतं म्हणून बरं, आई चमचा घेऊन तयारच होती. चार वाजता आतून खडबड सुरू झाली. काजूखाली खोकं उघडलं, तो टुणकन बाहेर, दोन उड्या पाचोळ्यात, एकदा वळून बघितलं नाही. तिसऱ्या दिवसापासून त्याच बाजूने सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ. तोच होता असं म्हणता येणार नाही, पण आई म्हणते तोच.

गच्चीवाला

@भात-भाकरी, आंबोलीजवळ राहता का? तिकडे पावसात पहाटे माणसासारखी शीळ घालणारा कोण ते पण सांगा.

भात-भाकरी

शीळकरी कस्तुर. आळशी शाळकरी पोरगा रस्त्याने जाताना सूर न सापडता गुणगुणतो तशी. पावसात रोज, हिवाळ्यात गप्प. नवीन पाहुणे रात्री दचकून उठतात.

अर्धवटराव

चातक राहिला. फक्त पावसाचं पाणी पितो, चोच वर करून, आणि पावसाच्या आधी हजर.

सातबहिणी

शेवटचं बरोबर, आधीचं नाही 😀 आमच्याकडे दौंडच्या माळावर जूनमध्ये येतो, आफ्रिकेतून, समुद्रावरून येणाऱ्या त्याच वाऱ्यांबरोबर. पावसाळ्यात सुरवंट मिळतात, केसाळ सुद्धा खातो, आणि अंडी घालायला सातभाई पक्ष्यांची घरटी तयार असतात. पाणी पावसाचंच लागतं वगैरे काही नाही. पावशा पण सातभाईंनाच टोपी घालतो. त्या बिचाऱ्यांच्या गळ्यात दोन दोन जातींची पोरं. शिवाय मी मोजलेत, सात कधीच नसतात.

धानपट्टा, गोंदिया

आमच्याकडे पाणी पडून बांध्या भरल्या की सारस जोडीनं धानात उतरते. माणसाएवढा उंच पक्षी, राखाडी, मान लाल. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियातच यावं लागते, थोडे भंडाऱ्यात, आणि नदीपलीकडे बालाघाटात. माझ्या मोठ्या काकाच्या बांधीत तीन वर्षांपूर्वी घरटं केलं होतं. धानाचंच तणीस ओढून ढीग, त्यावर दोन अंडे. नर मादी दोघंही पाळीनं बसत, महिनाभर. काका आधी चिडला, तेवढं धान गेलं न. मग रोज सकाळी चहाच्या आधी बांधावर जाऊन पाहून यायचा आणि कुत्रे हाकलायचा. निंदणाच्या बाया तेवढा तुकडा सोडून निंदत. एकच पिल्लू निघालं. काका अजून सांगते, आमचा सारस.

बर्फातला मिरजकर, न्यू जर्सी

इथे एप्रिलच्या शेवटी हमिंगबर्ड येतात, साखरेचं पाणी भरून ठेवतो, सप्टेंबर संपता संपता जातात. पण माझा खरा वसंत व्हिडिओ कॉलवर येतो. मार्चमध्ये इथे खिडकीबाहेर बर्फ आणि आईच्या मागे मिरजेत कोकीळ ओरडत असतो, आईचं बोलणं ऐकू येत नाही इतका. तिला वाटतं मी नेटवर्कमुळे गप्प आहे. (आणि हो, गाणारा नर असतो. ठिपक्यांची मादी नुसती किक किक करते आणि कावळ्याच्या घरट्याकडे डोळा ठेवते.)

तिसरा मजला, नाशिक

कोणी काजव्यांचं लिहिलं नाही? मेअखेर भंडारदऱ्याला गेलो होतो. हिरडा, सादड्याची अख्खी झाडं एका तालात उघडझाप करत होती. पाच मिनिटं. मग मागून गाड्यांचे हेडलाइट आले, मोबाईलचे टॉर्च आले, आणि झाड विझलं. परत नाही जाणार.

उजनीकाठ

नका जाऊ. आमच्या विहिरीवरच्या जांभळावर या, चार दिसतात पण शांततेत.

गच्चीवाला

अपडेट. आज 17. सकाळी पाइपच्या डबक्यापाशी साहेब हजर, शेपटी चालू. धावत खाली आलो, पेन घेतलं, कॅलेंडरवर लिहायला लागलो तर बायको म्हणाली, 'हा होय? हा तर गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून येतोय. कपडे वाळत घालताना रोज असतो.' गौरी 1 तारखेला जेवल्या. मी गच्चीवर आठनंतर जातो, ती सहाला. आता मागच्या चारही तारखांपुढे प्रश्नचिन्ह टाकलंय आणि पेन तिच्याकडे दिलंय.