स्कोअर बदलला म्हणून टेस्ट बोगस?
कुणीतरी म्हटलंय की स्ट्रूप टेस्ट (शब्द न वाचता शाईचा रंग सांगायची, मेंदूचा ताबा बघणारी) दोनदा दिली, स्कोअर वेगळे आले, म्हणजे असल्या सगळ्या टेस्ट बोगस. इतकं सरळ नाहीये ते. लाल शाईत लिहिलेला 'निळा' हा शब्द बघून शाईचा रंग सांगताना जवळपास प्रत्येकजण अडखळतो, १९३५ पासून हे पुन्हापुन्हा दिसलंय, पण सगळेच साधारण सारखे अडखळतात ना, मग माणसामाणसातला फरक उरतो थोडासाच, त्यात शब्द-रंग जुळत नाही तेव्हाच्या वेळातून जुळतो तेव्हाचा वेळ वजा करून स्कोअर काढायचा म्हणजे दोन्हीकडची मोजण्यातली गडबड एकत्र येते. २०१८ मधे हेज, पॉवेल, समनर या संशोधकांनी यालाच रिलायबिलिटी पॅराडॉक्स म्हटलं, म्हणजे परिणाम पक्का, पण एकेका माणसाचा स्कोअर पुन्हा तसाच येईल याचा भरवसा कमी.

मला जास्त खटकते ती व्हॅलिडिटी, म्हणजे टेस्ट जे मोजते म्हणते तेच मोजते का. आमचे सांगलीचे काका, जन्म गेला हळदीच्या सौद्यात, चार पार्ट्यांचे हिशोब तोंडावर. त्यांना ट्रेल मेकिंग टेस्टचा बी पार्ट दिला, आकडा आणि इंग्रजी अक्षर आलटून पालटून १-ए-२-बी-३-सी अशी रेघ जोडत जायची. एफच्या पुढं गाडी अडली! आता हे एक्झिक्युटिव्ह फंक्शन (लक्ष वळवणं, आखणी करणं असली मेंदूची कामं) मोजलं की शाळेतलं इंग्रजी? (घड्याळ चालूच होतं वर.) अक्षरांऐवजी रंग वापरणारी कलर ट्रेल्स आहे की, ती का देत नाहीत कुणास ठाऊक.

आणि विस्कॉन्सिन कार्डवाली टेस्ट (पत्ते कोणत्या नियमानं लावायचे ते आपणच ओळखायचं) तर एकदा नियम कळला की दुसऱ्यांदा नवीन राहतच नाही, तिथं रिटेस्टचा आकडा काय बघायचा?