मदत हवी आहे: सूत्रकृमी असलेल्या रानात मका घ्यावा की थांबवावा?

आमची हलक्या, वाळूमिश्रित मातीची जमीन येवला तालुक्यात आहे. तिच्या एका तुकड्यात टोमॅटोच्या मुळांवर सूत्रकृमीच्या (मातीत राहून मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कृमीच्या) गाठी आल्याने, तृणधान्य घेतल्यास प्रादुर्भाव कमी होईल या सल्ल्यावरून तेथे खरिपात मका आणि रब्बीत कांदा असा क्रम सुरू केला.

यंदा मका गुडघ्याएवढा झाल्यापासून ठिकठिकाणी ठिगळांसारखा खुजा व पिवळा राहिला आहे. जमिनीत ओल असूनही ही झाडे दुपारी कोमेजतात आणि युरिया व झिंक सल्फेट देऊनही त्यांच्यात सुधारणा नाही. मुळे धुऊन पाहिली तेव्हा तंतुमुळे विरळ होती व त्यांवर तपकिरी चट्टे होते. टोमॅटोवर दिसत तशा ठळक गाठी मात्र नव्हत्या.

गाठी नाहीत म्हणून निश्चिंत व्हावे, असे मला वाटत नाही. मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा हा गाठी करणारा सूत्रकृमी मक्यावरही वाढतो आणि तेथे त्याच्या गाठी इतक्या बारीक असू शकतात की नजरेतून सुटतात. तसे असेल, तर आम्ही मका लावून त्याला पोसतच आहोत. चट्ट्यांवरून प्रॅटिलेंकस या दुसऱ्या सूत्रकृमीचीही शंका येते, कारण तो गाठ न करता मुळाच्या आत फिरत पेशी खातो आणि त्या जखमांतून बुरशीला वाट मिळते. मक्यावरील पुटी सूत्रकृमीच्या, म्हणजे हेटेरोडेरा झीच्या, लिंबाच्या आकाराच्या बारीक पुट्या भिंगातून शोधल्या. त्या आढळल्या नाहीत.

ठिगळांच्या कडेच्या जिवंत झाडांजवळील माती व मुळे तपासणीसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठात पाठवणार आहे. (नमुना उन्हात तापला तर सूत्रकृमी मरतात आणि मोजणी चुकते, म्हणून तो सावलीतच न्यावा लागेल.)

जाणकारांना विनंती आहे की, दोन्ही प्रकार एकत्र निघाल्यास रब्बीत काय घ्यावे, ते सांगावे. हरभऱ्यावर गाठी करणारा सूत्रकृमी वाढतो आणि गव्हावर प्रॅटिलेंकस, त्यामुळे झेंडूचा विचार आहे. पण तो केवळ ओळींच्या मधे लावून भागते, की पूर्ण तुकड्यात दाट लावावा लागतो? एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करणारच आहे. पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवणे आणि निंबोळी पेंड यांचा खर्च मक्याच्या भावात परवडत नाही, म्हणून हे उपाय फक्त ठिगळांपुरते करून कोणाला फरक दिसला आहे का? फ्लुओपायराम हे सूत्रकृमीनाशकही सुचवले गेले आहे, परंतु लेबलवर मक्याचा उल्लेख असल्याची खात्री झाल्याशिवाय ते वापरणार नाही.