पारसिकचा डोंगर हिरवा झालाय, पण ते जंगल म्हणायचं का?

बेलापूरकरीण: सासरे सांगतात, आम्ही इथे आलो तेव्हा पारसिक नुसता बोडका होता, आता बघ केवढी झाडी. मला मात्र वर गेलं की तेच ते एक झाड दिसतं, फेब्रुवारीत गुलाबी फुलणारं. उपग्रहाच्या फोटोत हेही वाढलेलं जंगल म्हणूनच धरतात का?

येऊरकर: ताई, ते गिरीपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेतलं. काठी खोचली तरी रुजतं, मुरमाड उतारावरही तगतं, म्हणून सर्रास लावलं गेलं. आणि हो, तेही धरतात. एक हेक्टर किंवा जास्त जागेत झाडांचं छत्र 10 टक्के भरलं की भारतीय वन सर्वेक्षण त्याला वनाच्छादन म्हणतं. झाड कुठलं, जमीन कुणाची, हे बघत नाहीत. आमराईसुद्धा त्यात येते.

पण बोडका डोंगर म्हणजे मूळचा डोंगर असं समजू नका. 1853 ला ठाण्यापर्यंत रेल्वे आली, पुढे रूळ वाढत गेले तसे स्लीपरला लाकूड लागलं. मुंबईच्या चुलींना सरपण आणि कोळसा याच जिल्ह्यातून जायचा. 1878 च्या वन कायद्यानंतर मात्र बोट दाखवलं गेलं ते राब भाजणाऱ्या, म्हणजे भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर छाटलेल्या फांद्या जाळणाऱ्या शेतकऱ्यांकडे आणि आदिवासींकडे. हे मला फार लागतं. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जुनं ऐनाचं झाड बघा. मगरीच्या पाठीसारखी साल, आणि जिथे वर्षानुवर्षं फांद्या छाटल्या तिथे खोडावर गाठीच गाठी. तरी झाड उभं आहे, दर पावसाळ्यात फुटतं. राबाला फांदी जाते, मूळ राहतं. खडीच्या खाणीत डोंगरच जातो, तिथे फुटायचं कशातून?

खाडीकाठ: आमच्याकडे उलटं. मिठागरं बंद पडली, गाळ साचला, तिथे तिवरं, म्हणजे खारफुटी, आपोआप वाढली. चांगलंच आहे, पण होडीची वाट बुजते त्याचं काय, ते कोळ्यांना विचारा.

बेलापूरकरीण: मग गिरीपुष्प तोडून टाकायचं का?

येऊरकर: एकदम नको, उतारावरची माती पहिल्याच पावसात वाहून जाईल. थोडं थोडं विरळ करा, मधे ऐन, कुडा, पांगारा लावा. आणि त्याआधी वणवा थांबवा. मार्चमध्ये गवत पेटलं की कोवळी रोपं आधी जातात. पावसाळा सरला की जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळी केलेली पट्टी, काढायला माणसं लागतात. तुमच्या सोसायटीतून कोणी येणार असेल तर कळवा, मी येतो.