मदत हवी आहे: रानात मोकळी चरणारी घोडी आणि माझी भीती

नमस्कार मंडळी. उंब्रजजवळ आमचं रान आहे, कराड तालुका. लग्नानंतर बरीच वर्षं मी पुण्यात होते, वडलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून चार महिने झाले माहेरी आहे आणि शेतातलं सगळं सध्या मीच बघतेय. सोयाबीन निघून दोन एकर रान मोकळं होतं, त्यात सुरू उसाची लागण करायच्या आधी वडलांनी नेहमीसारखी माण भागातल्या धनगरांची बकरी खतासाठी रानात बसवायला सांगितली. बकऱ्यांचं काही नाही, त्यांच्या कुत्र्यांचीपण आता ओळख झालीय. प्रश्न घोड्यांचा आहे. बिऱ्हाड वाहायला त्यांच्याकडे दोन घोड्या, एक तांबडा घोडा आणि एका घोडीमागं चारपाच महिन्यांचं शिंगरू आहे. दिवसभर सगळी बांधानं, ओढ्याच्या कडेनं चरत असतात, पुढच्या पायात फक्त दोरीचा पायबंद, आणि विहिरीवर मोटर चालू करायला जायची माझी वाट नेमकी तिथनंच आहे.

परवा सकाळी पिवळी बादली घेऊन चालले होते, बादलीत म्हशीसाठी भिजवलेली पेंड. तांबड्यानं मान वर केली, कान टवकारले आणि सरळ माझ्याकडं यायला लागला, त्याच्या मागनं काळी घोडी. मी घाबरून पळाले तर तीपण जोरात आली, पाय बांधलेले असून दोन्ही पाय एकदम उचलून टाकत इतकी जोरात येतात हे मला माहीतच नव्हतं. सरीत पाय अडकून पडले, कोपर सोललं, बादली सांडली. घोडा अंगावरनं नाही गेला, दोन हातांवर थांबून पेंड खायला लागला, पण डोक्याशेजारी तो खूर आणि ती फुरफुर अजून डोळ्यापुढनं जात नाही. तेव्हापासून मी ओढ्यातनं वळसा घालून जाते आणि पंधरा मिनिटांचं काम पाऊण तास घेतं.

वडील म्हणतात तळबीड आपल्याला हाकेच्या अंतरावर, सरनोबत हंबीरराव मोहित्यांच्या मुलखात राहून घोड्याला काय भ्यायचं. त्यांच्या जागी ते बरोबर असेल, पण त्यानं माझी छाती धडधडायची थांबत नाही. धनगरांना घोडी बांधून घाला म्हणायचं जिवावर येतं, ती चरली नाहीत तर ओझं कशावर वाहणार, आणि दरवर्षी येणारी घरची माणसं आहेत ती. मला घोडी हलवायची नाहीत, मला त्यांच्यातनं नीट चालत जायचंय. माझी नऊ वर्षांची मुलगीपण सोबत येते, ती माझ्याकडं बघून घाबरायला लागलीय आणि ते मला जास्त लागतंय. घोडा कधी चिडलाय, कधी नुसता बघतोय हे कसं ओळखायचं? समोरनं आला तर करायचं काय? ज्यांच्या घरी घोडी आहेत त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
हातात काठी ठेवा ताई, जनावर काठीला भितं.

प्रतिसाद २
काठी ठेवा पण मारायला नाही. मी माण तालुक्यातलाच, आमच्या चुलत्यांची बकरी दिवाळी झाली की खाली उतरतात त्यामुळं लहानपण घोड्यांतच गेलं. ताई, तुमच्यामागं घोडा नाही लागला, बादली लागली. बादलीतनं खाणं येतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पुन्हा असं झालं तर पळू नका, बादली टाकून द्या आणि आडवं चालत बाजूला व्हा. तुम्ही पळाला की तो पळणार, त्यात राग नसतो, कळपातलं एक पळालं की बाकीची पळतात तसंच. त्याला थांबवायचंच असलं तर उभं राहून दोन्ही हात पसरा आणि जाड आवाजात "हो, हो" म्हणा. काठी असेल तर आडवी धरा म्हणजे हात लांब झाल्यासारखा वाटतो, तेवढंच तिचं काम.

आता ओळखायचं कसं. कान बघा, सगळं कानात असतं. टवकारून पुढं केले म्हणजे तो काहीतरी निरखतोय. सैल पडलेले, खालचा ओठ लोंबतोय, मागचा एक पाय टोकावर टेकवलाय म्हणजे डुलकी काढतोय, आणि खरं सांगायचं तर दचकायचा धोका ह्याच वेळेला जास्त. कान मागं पाडून मानेला चिकटवले, शेपटी सपासप मारायला लागला, ढुंगण तुमच्याकडं फिरवलं, ह्यातलं काहीही दिसलं की तिथंच थांबून मागं फिरायचं. घोड्याच्या मागनं आणि सायबाच्या पुढनं जाऊ नये म्हणतात ते उगाच नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ ३५० अंश दिसतं त्याला, पण बरोब्बर शेपटीमागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून जायचं ते खांद्याच्या बाजूनं, तिरकं, आणि लांबनंच आवाज देत. कपाळावर थोपटायला हात नेऊ नका, त्याला तो हात दिसत नाही आणि मान झटकतो. मागनं जायची वेळ आली तर दहाबारा फूट तरी सोडून जा. आणि पायबंद पुढच्या पायात आहे, लाथ मागच्या पायांची बसते, तेव्हा बांधलेलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

शिंगरू आणि त्याची आई ह्यांच्या मधनं कधीही जाऊ नका, शिंगरू आपणहून तुमच्याकडं आलं तरी. घोडी गरीब असली तरी त्या एका बाबतीत ती कुणाची नसते.

प्रतिसाद ३
मी जनावरांचा डॉक्टर आहे, सांगली जिल्ह्यात. कोपर सोललंय म्हणालात, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का? धनुर्वाताचे जंतू शेताच्या मातीत असतात, घोड्याच्या लिदीत तर असतातच. नसेल घेतलं तर आजच गावातल्या दवाखान्यात दाखवा. आणि कधी चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि थेट माणसांच्या डॉक्टरकडं जा, रेबीजची लस द्यायची का ते त्यांना ठरवू द्या, हळद-चुना लावून घरी बसू नका. पोटात किंवा डोक्याला लाथ बसली आणि वरनं काही दिसत नसलं तरी दवाखाना गाठायचाच.

अजून एक विनंती, भीती जावी म्हणून त्यांना भाकरी, गूळ, शिळा भात असलं काही घालून दोस्ती करायला जाऊ नका. घोड्याला उलटी करता येत नाही, भलतं खाणं पोटात गेलं की पोटशूळ उठतो आणि त्यात चांगली जनावरं जातात. शिवाय एकाला दिलं की बाकीची येणार, त्यांची आपसात लाथाळी सुरू होणार आणि मधे तुम्ही. पेंड नेताना बादलीऐवजी झाकणाचा डबा वापरा, किंवा पेंड दुसऱ्या वाटेनं जाऊ द्या.

धागाकर्ती
इंजेक्शन आज घेतलं, डॉक्टर, मनापासून आभार, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तर उद्या गूळ न्यायचा विचार करत होते. एक राहिलं, आमचं कुत्रं रोज माझ्यासोबत येतं, त्याला आणू का नको?

प्रतिसाद २
काही दिवस घरी बांधा. कुत्रं घोड्यांवर भुंकतं, घोडा त्याच्यामागं लागला की ते पळून तुमच्याच पायात येतं.

धागाकर्ती
तीन दिवसांनी लिहितेय. काल मी सरळ तळावर गेले आणि धनगर मावशींना सांगितलं की मला तुमच्या घोड्यांची भीती वाटते. इतके दिवस हे बोलायला का नाही गेले काय माहीत. त्या कोकरं पाजत होत्या, हातातलं खाली ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तू गप येतीस न्हवं, चोरावानी, म्हनून ती बिचकत्यात. बोलत येत जा." मग मला खांद्याला धरून काळ्या घोडीपर्यंत नेलं, पूर्ण वाटभर काहीबाही बोलत होत्या, घोडीशी का माझ्याशी कळत नव्हतं. घोडीचा आमच्या बाजूचा एक कान आवाजाबरोबर वळत आला, दुसरा शिंगराकडंच होता. मावशींनी माझा तळवा तिच्या मानेखाली, खांद्यावर टेकवला. ऊबदार, धुळीनं खरखरीत, आणि आतनं एक शीर माशी बसल्यासारखी थरारली. मावशी म्हणाल्या तीपण तुला भ्यालीय, हात काढू नगंस एकदम. मी हात तसाच ठेवला आणि थरथर थांबली. माझी थांबायला जरा जास्त वेळ लागला.

आज सकाळी मुलीला घेऊन त्याच वाटेनं गेलो. ती मोठमोठ्यानं पाढे म्हणत होती, तांबड्यानं मान वर केली, बघितलं, परत खाली घातली. आम्ही त्याला पंधराएक फूट सोडून गेलो. छाती धडधडली पण पाय पळाले नाहीत.

आता एकच अडचण. परवापासून थ्री फेज लाईट रात्री आहे, गहू भिजवायचाय, म्हणजे मोटर चालू करायला साडेअकराबाराला जावं लागणार. अंधारात कसं करायचं?

प्रतिसाद २
बॅटरी जमिनीकडं धरून चाला, तोंडावर मारू नका. अंधारातनं एकदम उजेडात त्यांचे डोळे आपल्यापेक्षा हळू सरावतात, मग ती आंधळ्यासारखी कुठंही उसळतात. आणि मावशींना आधी सांगून ठेवा, रात्री त्या बाजूची घोडी तळापाशी खुंट्याला बांधतील, एवढं कुणीही करतं. बांधली तरी तळाजवळनं जाताना आवाज द्या, घोड्यांसाठी नाही, कुत्र्यांसाठी.

धागाकर्ती
सांगितलं. मावशी म्हणाल्या मीच येते बॅटरी घेऊन.