५० हजारांत वीसचे अडीच हजार शेअर्स घ्यावेत की दोन हजारांचे पंचवीस?

प्रश्न:
एक शेअर २० ला मिळतोय, दुसरा २,००० ला. वीसचे चाळीस सहज होतील, पण दोन हजारांचे चार हजार व्हायला वर्षं जातील असं वाटतं. बरोबर आहे का?

उत्तर १:
नाही. दोन्हीकडे कंपनीचं मूल्य दुप्पटच व्हावं लागतं. शेअरच्या भावाला एकूण शेअर्सनी गुणून पाहा. समजा २० वालीचे ५०० कोटी शेअर्स आहेत, तर मार्केट कॅप, म्हणजे बाजाराने ठरवलेली अख्ख्या कंपनीची किंमत, १०,००० कोटी. २,००० वालीचे १ कोटी असतील तर २,००० कोटी. म्हणजे ‘स्वस्त’ वाटणारी कंपनी पाचपट मोठी! आता दोघींचा वार्षिक नफा २०० कोटी धरा. पहिलीचा ईपीएस (एका शेअरमागचा नफा) ०.४०, पीई (भाव भागिले ईपीएस) ५०. दुसरीचा ईपीएस २००, पीई १०. तेवढ्याच नफ्यासाठी पहिलीत पाचपट पैसे मोजताय. तुलना मात्र एकाच क्षेत्रातल्या कंपन्यांची करा, आणि जमीन विकून एकदाच आलेला नफा आधी वजा करा, नाहीतर पीई उगाच कमी दिसतो.

उत्तर २:
स्प्लिट, म्हणजे एका शेअरचे तुकडे करून जास्त शेअर्स करणं, बघितलं की हे पटतं. ॲपलने ऑगस्ट २०२० मध्ये एकाचे चार केले, एनव्हिडियाने जून २०२४ मध्ये एकाचे दहा. भाव त्या प्रमाणात उतरला, धंदा होता तोच राहिला. उलटंही होतं: सिटीग्रुपने मे २०११ मध्ये दहाचा एक केला आणि चार डॉलरच्या आसपासचा भाव चाळिशीपार दिसू लागला.

प्रश्नकर्ता:
मग भावाला काहीच अर्थ नाही?

उत्तर १:
दोन ठिकाणी आहे. शेअर २ ला असेल आणि टिक (भाव बदलण्याची सर्वात लहान पायरी) ०.०५ ची असेल, तर २.०५ ला घेऊन लगेच २.०० ला विकलात तरी जवळजवळ अडीच टक्के गेले. अशा शेअरमध्ये मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकूच नका, लिमिटच (आपण ठरवलेल्या भावाची ऑर्डर) लावा. आणि रोजचा व्हॉल्यूम (किती शेअर्सची खरेदी-विक्री होते) आधी बघा, कारण पडत्या बाजारात घेणारा सापडत नाही. दुसरं, एक शेअर ३०,००० चा असेल तर तुमचं ६० टक्के भांडवल एकाच जागी अडकतं.

उत्तर २:
वीसच्या खालचं काही घेणार असाल तर मागच्या पाच वर्षांच्या ताळेबंदात शेअर्सची संख्या तपासा. ती दरवर्षी वाढत असेल आणि नफा जागच्या जागी असेल, तर तुमचा हिस्सा पातळ होत चाललाय.